बिडाला प्लास्टिक जोडताना

माझा सगळा जन्म लोकांच्या न्हाणीतलं पाणी बाहेर काढण्यात गेला. घरात नळ आणून दिला की लोक प्लंबरला चहा पाजतात, हौशी असले तर नळाला हळदकुंकू वाहतात. वापरलेलं पाणी मात्र मुकाट्यानं निघून जातं आणि त्यामागंही कुणाचा हात असतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ते तुंबलं की मगच आमचं नाव निघतं, तेही बऱ्या शब्दांत नाही. नगरला आमच्या दुकानावरून एक वकील रोज जायचे. मला बघितलं की ते रस्त्याची बाजू बदलत. त्यांच्या मोरीचा पाइप मी साफ केला होता, आणि बायकोच्या शपथेवर सोडलेल्या सिगारेटींची मूठमूठ थोटकं त्यातून निघाली होती. मी कुणाला बोललो नाही. पण मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

मी ज्या दिवसांबद्दल लिहितोय तेव्हा, म्हणजे सत्तर सालानंतरच्या चार-पाच वर्षांत, आमच्या जिल्ह्यात शॉवर हे प्रकरण नवं होतं. पुणतांब्याच्या एका हेडमास्तरांनी मोठ्या हौसेनं तो बसवून घेतला. महिन्याभरानं मी त्या बाजूला गेलो म्हणून डोकावलो, तर शॉवरखाली बादली. शॉवर सोडून बादली भरायची, मग पाटावर बसून तांब्यानं अंघोळ. मी म्हणालो, "सर, हे काय?" ते म्हणाले, "अहो, त्याच्याखाली बसलं की स्तोत्र म्हणताना तोंडात पाणी जातं."

अशा गमती सांगायच्या तर अंक पुरणार नाही. पण शॉवर म्हटलं की मला हेडमास्तरांच्या आधी बेलापूरजवळचा एक बंगला आठवतो, त्यातली एक म्हातारी आठवते, आणि शिमोन मिस्त्री आठवतात.

शिमोन मिस्त्रींकडे मी काम शिकलो. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणायचो. काळेसावळे, बुटके, बोलायला कमी. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमधे, जायचे, तेवढा एक दिवस दुकान बंद. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे डाग होते, शिसं उडून भाजल्याचे. शिशाचा जोड घालावा तर मामांनीच, असं नगरचे जुने ओव्हरसियर सुद्धा म्हणत.

हा जोड म्हणजे काय ते सांगतो, कारण आता तो कुणी बघितलेला नसेल. पूर्वी सांडपाण्याचे पाइप बिडाचे असत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जड, ठिसूळ, पण पन्नास वर्षं जमिनीत राहिलं तरी हूं की चूं न करणारं. पाइपाचं एक तोंड कर्ण्यासारखं पसरट असतं. त्यात दुसऱ्या पाइपाचं साधं टोक बसवायचं. मधे जी फट राहते तिच्यात डांबरात भिजवलेला ताग ठासून भरायचा, आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. एका दमात ओतायचं. मधे हात थांबला तर जोडात भेग राहते, आणि आत पाण्याचा एक थेंब असला तर शिसं बंदुकीसारखं उडतं. थंड झालं की छिन्नी-हातोडीनं गोल गोल ठोकत बसवायचं. मामा ठोकायला लागले की आवाजावरून त्यांना कळायचं कुठं पोकळ राहिलंय. मला ते ऐकू यायला पाच वर्षं लागली.

आणि मग प्लास्टिकचा पाइप आला. करड्या रंगाचा, दहा फुटांचा नग एका हातात उचलता येईल असा. मी पुण्याला एका व्यापाऱ्याच्या दुकानात त्याचं काम बघितलं. करवतीनं कापला, टोकाला डब्यातलं सोल्युशन फासलं, दुसऱ्यात खुपसला, झालं. ना भट्टी, ना शिसं, ना भाजणं. मी येडा होऊन परत आलो. मामांना एक तुकडा दाखवला. त्यांनी त्याच्यावर नख वाजवलं.

"आवाज बग ह्याचा," ते म्हणाले. "डबडं हाय." आणि त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव पुंगळी ठेवलं.

दुष्काळ सरून पाऊस झाला त्या वर्षी, भाद्रपदात, बेलापूरकडचे एक शेतकरी आमच्या दुकानात आले. त्यांना तात्या म्हणत. ऊस होता, शिवाय थोडी कोरडवाहू जमीन होती. गोऱ्या साहेबाच्या काळातला एक बंगला त्यांच्या वडिलांनी घेतला होता, त्यात कुटुंब राहत होतं. तात्यांच्या आईचं पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण आईला खाली बसता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, उंच स्टुलावर बसवून शॉवरखाली अंघोळ घाला.

"आईच्या खोलीला लागून न्हाणी बांधलीय," तात्या म्हणाले. "पानी बाहेर काढायचं तेवढं तुमी बगा."

आम्ही एसटीनं हत्यारं घेऊन गेलो. बंगला भक्कम होता. मागच्या भिंतीला साहेबाच्या वेळचा बिडाचा पाइप अजून शाबूत होता, त्यातूनच सगळं सांडपाणी मळ्याकडं जायचं. नव्या न्हाणीतून त्या पाइपापर्यंत पोचायला मधे एक कोठीची खोली होती. तिच्या फरशीखालून पाइप न्यायचा आणि कोठीच्या कोपऱ्यात बिडाला जोडायचा, एवढंच काम.

आई पलंगावर बसल्या होत्या. सोनाबाई नाव. नऊवारी लुगडं, चेहरा वाळलेल्या खारकेसारखा, नजर मात्र धारदार. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "तूच का रं मला पावसात बसवनार?"

"शॉवर म्हणतात त्याला, आई."

"काय बी म्हण. मला येवढंच सांग, त्येची चावी माझ्या हातात ऱ्हाईल का?"

मला प्रश्न कळला नाही. तात्यांच्या पत्नी, मालन वहिनी, मला नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोघीजणी धरून न्हाऊ घालत हुतो, तर एक दिवस आत्या म्हनाल्या, मड्याला घालत्यात तशी आंगुळ मला नको. तवापासून अंगाला हात लावू देत न्हाईत. दोन महिनं झालं, ओल्या फडक्यानं स्वतःच पुसत्यात."

बाहेरच्या भिंतीवर पत्र्याची टाकी बसवायची, वहिनी पायरीवर चढून बंबातलं ऊन पाणी विसणून तिच्यात ओतणार, आणि आत स्टुलावर बसलेल्या आईच्या हाताशी चावी. दार लावून, कुणाचा हात न लागता, आपली आपण अंघोळ. एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता.

अंगणात पाइप पडले होते. करडे. तात्यांनी हौसेनं पुण्याहून आणलेले.

मामांनी पायानं एक पाइप लोटला. "बिडाचं आना."

"मिळंना, मिस्त्री. दोन महिनं थांबा म्हनत्यात."

"मग थांबा. बीड आनि ही पुंगळी, ह्यांचं सोयरपन जमत न्हाई. ऊन पान्यानं ही हालनार, बीड हालनार न्हाई. आनि हिला शिसं लावलं तर मेनावानी वितळंल."

आतून आईंचा आवाज आला, "दोन महिनं? तवर मी ऱ्हाते का जाते!"

मी पंचवीस वर्षांचा होतो. पुण्याला बघितलेलं डोक्यात भिनलं होतं. मी म्हणालो, "तात्या, मी करतो. दोन दिवसांत."

"रघू," मामा हळू म्हणाले, "पुंगळीला पुंगळी चिकटंल. बिडाला काय करशील?"

खरं तर मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे सगळ्यांसमोर कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी जे बोललो ते बोललो.

"मामा, तुमचं शिसं आता म्हातारं झालं. त्याच्याबरोबर आम्ही पण म्हातारं व्हायचं का?"

तात्या खाली बघायला लागले. मामांनी शिसं ओतायची पळी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं. जाताना तात्यांना म्हणाले, "पोरगं हुशार हाय. करू द्या त्याला." आणि स्टँडच्या दिशेनं चालत गेले.

मी दोन दिवसांत काम केलं. कोठीची फरशी उचलली, चर खणला, पाइप टाकले. प्लास्टिकला प्लास्टिक सुरेख जुळलं. राहिला बिडाचा जोड. प्लास्टिकचं टोक बिडाच्या तोंडात घातलं, फटीत ताग भरला, वर फट बुजवायची सफेद्याची लुकण दाबली, आणि त्यावर सिमेंट. न्हाणीच्या भिंतीतून पाइप जिथं येत होता तिथंही सिमेंटनं घट्ट जाम केला. चार बादल्या गार पाणी ओतून बघितलं. थेंब गळला नाही. फरशी बसवली, शॉवरची चावी आईंच्या हाताच्या उंचीला लावली.

पहिली अंघोळ मी अंगणात उभा राहून ऐकली. आधी बराच वेळ काही आवाज नाही. मग पाण्याचा आवाज, आणि आतून, "आगं बया!" मालन वहिनी घाबरून दाराशी धावल्या, "काय झालं आत्या?" तर आतून हसू. वहिनी डोळे पुसत माझ्याकडं आल्या. मला जेवायला बसवलं, पुरणाची पोळी वाढली. मी मिशीला ताव देत नगरला परतलो. दुकानात मामांना म्हणालो, "झालं काम." ते म्हणाले, "बरं." आम्ही दोघं त्या दिवसांत कामापुरतं बोलत होतो.

आठवडा झाला असेल. तात्यांचा गडी दुकानात आला. "तात्यांनी बोलिवलंय. आत्ताच."

मी पोचलो तेव्हा कोठीचं दार सताड उघडं होतं आणि दारात, स्टुलावर, आई बसल्या होत्या. आत चार पोती भिंतीशी लावून ठेवली होती. त्यातलं एक पार तोंडापर्यंत आणि दुसरं तळापासून हातभर ओलं होतं. वहिनी सकाळी शेंगा काढायला आत गेल्या आणि पावलाखाली फरशी थंड लागली, तेव्हा कळलं. रोज अंघोळीचं थोडं पाणी जोडातून बाहेर येत होतं, मातीत मुरत होतं, फरशीच्या सांध्यांतून वर पोत्यांना लागत होतं.

मी म्हणालो, "काय आहे त्यात?"

"शाळूचं बी हाय," आई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका पोत्यात हात घातला, मूठ काढून माझ्यापुढं उघडली. दाणे फुगले होते. एकदोनांना पांढरा कोंब फुटलेला दिसत होता.

"दुस्काळात ह्या घरातली पोरं रेशनच्या मिलोच्या भाकरीवर जगली," त्या म्हणाल्या. "लाल, कडू भाकर. नातू रडायचा, आज्जी आपल्यात पोती हायेत की. पर म्या हात लावू दिला न्हाई. म्हनलं, पाऊस येनार हाय, तवा पेरायला काय मातेरं घालनार? वरीस काढलं. आनि आता पाऊस आला, तर माझ्याच आंगुळीनं बी भिजलं."

"आई, तुमची चूक नाही. माझा जोड..."

"तुजा जोड तू बग. मी काय आता त्या न्हाणीत पाऊल टाकीत न्हाई."

तात्या मला रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "काय करायचं आता?" त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी घरच्या माणसांबरोबर बंगल्याच्या सपाट धाब्यावर बी पसरलं. भाद्रपदातलं ऊन, ढग आला की चादरींनी झाकायचं, गेला की उघडायचं, हातानं खालीवर करायचं. वरचं कोरडं बी वेगळं काढलं. आईंनी पलंगावर बसून मूठ मूठ बी ओल्या फडक्यात बांधून उगवून बघितलं. एक पोतं पुरतं गेलं. दुसऱ्यातलं निम्मं वाचलं. त्यांनी गेलेलं पोतं बैलांपुढं घालायला सांगितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

फरशी उचलून मी जोड बघितला. सिमेंट बिडाला घट्ट धरून होतं, पण प्लास्टिकपासून केसाएवढं सुटलं होतं. पाइप हातानं हलवला तर मागंपुढं सरकत होता. मामा म्हणाले होते तसाच.

नगरला उतरलो तो रविवार होता. सरळ मामांच्या घरी गेलो. ते देवळातून येऊन जेवायला बसायच्या बेतात होते. मी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, म्हाताऱ्या शिशाकडं कशाला आलास? त्यांनी विचारलं, "पानी किती ऊन असतं?"

"अंगाला सोसेल इतकं. पण वहिनी आधी टाकीत उकळतं ओततात, मग गार. कधीकधी तोटी नीट बंद नसते, तर उकळतंच खाली येतं."

"भितीत पाइप जाम केलास?"

"केला."

"मंग ऊन पान्यानं लांबला की त्यानं जायचं कुटं? एका बाजूनं भीत, दुसऱ्या बाजूनं जोड. भीत सरकनार न्हाई, मंग जोडच सुटनार." ते पाटावर बसले. "आनि बी किती गेलं?"

मी सांगितलं. मामा ताटावरून उठले. मामी म्हणाल्या, "आवं, दोन घास तरी." ते म्हणाले, "रघू, पुंगळीचा तुकडा हाय का जवळ?"

पिशवीत होता. मामांनी चुलीवर पाणी ठेवलं, खळखळ उकळू दिलं, त्यात तुकडा टाकला आणि चिमट्यानं काढला. तो लिबलिबीत झाला होता. बोटांनी दाबून त्यांनी तो चपटा केला, गार पाण्यात बुडवला. चपटाच राहिला. मग पुन्हा उकळत्या पाण्यात टाकला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू परत गोल झाला.

मामा चुलीपुढं उकिडवे बसून ते बघत राहिले. तीनदा त्यांनी तसं केलं. वितभर तुकड्याला ते लहान लेकरासारखं निरखत होते.

"ह्याला आपलं मूळ माप आठवतं की रं," ते म्हणाले. "मंग ह्याला आत घालून चालायचं न्हाई. ह्याला वरून चढवायचं. मोठ्या तोंडावर ताणून बसवला, तर जेवढं ऊन पानी जाईल तेवढा हा आवळत बसंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलापूरला गेलो. तात्यांच्या अंगणात एक हापसा होता, दुष्काळात खालचं पाणी गेलं तेव्हापासून बंद पडलेला. बिडाचं तोंड पुंगळी ताणून चढवायला फारच मोठं होतं, मधे दुसरं काही हवं होतं, म्हणून मामांनी तो उघडायला लावला. त्याच्या आतलं पितळी नळकांडं काढून मापलं. बाहेरचं माप प्लास्टिकच्या आतल्या मापापेक्षा सूतभर मोठं. मामा पहिल्यांदा हसले. वीतभराचा तुकडा कापला. त्याचं एक टोक कानशीनं घासून घासून सुरीसारखं पातळ केलं. पाणी त्या बाजूनं येणार होतं, आणि कडा जाड राहिली असती तर तिथं केस अडकून पाइप तुंबला असता. मला हे सुचलं नसतं.

मग पितळेचं दुसरं टोक बिडाच्या तोंडात बसवलं. ताग भरला. स्टो पेटवला, शिसं वितळलं, आणि मामांनी एका दमात ओतलं. शिसं फक्त बीड आणि पितळ यांनाच लागलं. प्लास्टिक तिथं अजून आलंच नव्हतं. ठोकून झाल्यावर मी प्लास्टिकचं तोंड उकळत्या पाण्यात धरलं, आणि दोघांनी मिळून ते पितळेच्या पातळ टोकावरून चांगलं चार बोटं वर चढवलं. वर गार पाणी ओतलं. मामांनी दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मी ओढून बघितलं. नाही आलं. भिंतीतला माझा सिमेंटचा जाम मामांनी स्वतः फोडला आणि पाइपाभोवती तागाचा सैल वेढा दिला.

"हालू दे तिला," ते म्हणाले. "हालनाऱ्याला हालायला जागा दिली की ते काय तोडत न्हाई."

राहिल्या आई. त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. मामा त्यांच्या पलंगाजवळ जमिनीवर बसले.

"बाई, जोड झाला."

"होऊ दे. मला नको आता."

"मी शिमोन मिस्त्री. मागं आल्तो."

आईंनी मान वळवली. "तुमीच का ते, काम सोडून गेल्ते? तवाच का न्हाई केलं?"

मी दारात होतो. आता ते माझं त्या दिवसाचं बोलणं सांगतील असं वाटलं. सांगितलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

"माझा आडमुठेपना," मामा म्हणाले. "नवी वस्तू दिसली, तोंड फिरवलं. बी गेलं त्यात माझा बी वाटा हाय. पोरावर टाकून जायला नको हुतं म्या."

आई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या हातांवरचे पांढरे डाग बघत होत्या.

"ते कशानं?"

"शिसं उडतं."

"दुखतं?"

"तवा दुखतं."

"हं," आई म्हणाल्या. मग वहिनींना हाक मारली, "मालन, बंब पेटव. पर आधी ती पोती उचलून माझ्या खोलीत ठेव. माझ्या डोळ्यांम्होरं."

कोठीची फरशी आम्ही अजून बसवली नव्हती. जोड उघडा होता. मामांनी वहिनींकडून मूठभर ज्वारीचं पीठ मागितलं आणि जोडाभोवती, शिशावर, पितळेवर, प्लास्टिकच्या कडेवर सगळीकडं फासलं. पिठाला थेंब लागला की लगेच डाग दिसतो. आम्ही दोघं चराच्या दोन बाजूंना पालथे पडून, नाक जोडाजवळ नेऊन वाट बघत राहिलो.

भिंतीपलीकडं स्टूल सरकलं. दाराची कडी लागली. मग चावी फिरली आणि पाइपातून पाणी सळसळत आलं. प्लास्टिक माझ्या तळव्याखाली कोमट झालं, मग ऊन झालं. पाइप किंचित सरकला; भिंतीतल्या सैल वेढ्यात सरकला. पीठ तसंच पांढरं. वहिनी पायरीवरून विचारत होत्या, "आत्या, बास का?" आणि आतून उत्तर येत होतं, "आनि वत!" असं तीनदा झालं. तिसऱ्या टाकीला मामांनी पिठावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, मला दाखवलं. कोरडं.

त्या वर्षी उरलेलं बी पेरून तात्यांचा शाळू बरा आला. पुढं चार वर्षांनी आई गेल्या. तोवर त्या न्हाणीत त्यांनी दुसऱ्या कुणाला अंघोळ करू दिली नाही असं वहिनी सांगायच्या.

आमचं परतणं त्याच संध्याकाळचं. बेलापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बाकावर बसलो होतो. मी तेवढ्या वेळात मनातल्या मनात वाक्य जुळवलं होतं. म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी जे..."

"रघू," त्यांनी मधेच विचारलं, "ते सोल्युशन लावत्यात कसं रं?"

मी सांगायला लागलो. एसटी आली. माफी तेवढी राहिली, आणि मग ती कधीच मागायची झाली नाही. पुढं मामांबरोबर मी पुष्कळ वर्षं काम केलं, पण तशी वेळ त्यांनी परत येऊ दिली नाही. मी त्याला त्यांचा मोठेपणा म्हणत आलो. कधीकधी वाटतं, आपण भित्रे होतो आणि त्यांनी ते सोपं करून दिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर मामा माझ्या आधी येऊन बसले होते. हात धुऊन, बाह्या सरकवून. साठीला आलेला माणूस. मी त्यांच्यापुढं पाइपाचे दोन तुकडे आणि सोल्युशनचा डबा ठेवला. त्यांनी करवतीनं टोक कापलं, माझ्यापेक्षा सरळ. कडा घासली. ब्रशनं सोल्युशन फासलं, वासानं नाक आकसलं, आणि टोक दुसऱ्यात खुपसून पाव वेढा फिरवला.

"आता धरून ठेवायचं," मी म्हणालो.

त्यांनी धरलं. शिसं गार होताना रंग बदलतं, डोळ्यांना कळतं. ह्याचं बाहेरून काहीच कळत नाही. मामांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. ओठ हलत होते. आकडे मोजत असावेत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सोडू का?"

"अजून जरा धरा, मामा."

आणि ते धरून बसले.